घरी नेलेला रुग्णही मोजा : पक्षाघाताच्या रुग्णांचा मृत्युदर काढण्याची आणि ताडून पाहण्याची रीत

एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात पक्षाघाताचे जुने केस पेपर तपासताना हाती आलेला एक कागद मी विसरू शकलेलो नाही. साठी ओलांडलेला शेतकरी, मेंदूत मोठा रक्तस्राव, दाखल करतानाच शुद्ध हरपत चाललेली, दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर. तिसऱ्या दिवशीच्या नोंदीखाली मुलाची सही होती आणि पानाच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘डामा’ असे लिहून त्याभोवती गोल केला होता. डामा म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नातेवाइकांनी घेतलेली सुटी. काही ठिकाणी तिलाच लामा म्हणतात. केस पेपरावरच्या मोबाइल नंबरवर फोन केला, तेव्हा मुलगा म्हणाला, “बुटीबोरी ओलांडली अन् गाडीतच संपले ना जी.” रुग्णालयाच्या त्या महिन्याच्या अहवालात मात्र हा माणूस सुटी झालेल्यांच्या रकान्यात होता, म्हणजे हिशेबापुरता जिवंत होता.

विदर्भात पक्षाघाताचा मृत्युदर मोजू पाहणाऱ्या प्रत्येकाने या कागदापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत किती जण गेले एवढेच मोजले, तर त्या आकड्यातून उपचार कसे झाले यापेक्षा अखेरचा श्वास कुठे घेतला गेला हेच अधिक कळते. पुढे दिलेली रीत रुग्णालयातील निवासी डॉक्टर, रेकॉर्ड विभागातील कर्मचारी, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर आणि जिल्हा पातळीवर आकडे मागवणारे अधिकारी यांच्यासाठी आहे. तिला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेलची शीट, एक फोन, एक कॅलेंडर आणि दर आठवड्याला काही तासांची चिकाटी एवढ्यावर ती चालते.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

“आमचा मृत्युदर किती?” हा प्रश्न मोजता येण्याजोगा नाही. तो असा लिहावा: “१ जानेवारी ते ३१ डिसेंबर या वर्षात आमच्याकडे ताज्या पक्षाघातासाठी पहिल्यांदा दाखल झालेल्या, १८ वर्षांवरील रुग्णांपैकी किती जण दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत, कुठेही आणि कोणत्याही कारणाने, मृत्यू पावले?” या वाक्यातील प्रत्येक शब्दावर विभागात आधी चर्चा करून एकमत करावे आणि ते कागदावर उतरवून तारीख टाकून ठेवावे. आकडे पाहिल्यानंतर व्याख्या बदलण्याचा मोह फार मोठा असतो आणि तो मनुष्यस्वभावच आहे. आधी लिहून ठेवलेला कागद त्यापासून वाचवतो.

कालावधी शक्यतो पूर्ण वर्षाचा घ्यावा, म्हणजे नागपूरचा मे आणि नागपूरचा डिसेंबर दोन्ही त्यात येतात. केवळ उन्हाळ्याचे तीन महिने एका रुग्णालयाचे आणि हिवाळ्याचे तीन महिने दुसऱ्याचे, अशी तुलना कधीही करू नये.

छेदात कोण?

मृत्युदराच्या गणितात लोक अंशावर भांडतात, चूक मात्र बहुधा छेदात असते. १८६३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या आकडेवारीच्या आधारे, इंग्लंडमधील रुग्णालयांच्या मृत्युदरांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९०.८४ टक्के दिसत होता. वर्षभरातील ३,८२८ मृत्यूंना ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी त्या रुग्णालयांत असलेल्या ४,२१४ रुग्णांनी भागल्यामुळे तो आकडा आला होता. खाटेवर वर्षभरात अनेक रुग्ण येऊन जातात, ही गोष्ट छेदात आलीच नव्हती, आणि त्यावर त्या काळच्या डॉक्टरांनी कडाडून टीका केली. इतक्या मोठ्या अभ्यासकांच्या हातून जे सुटले, ते आपल्या हातूनही सुटू शकते, म्हणून छेद सावकाश बांधावा.

पहिले काम म्हणजे निदानाची यादी. आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आय-६० म्हणजे मेंदूच्या आवरणाखालील रक्तस्राव, आय-६१ म्हणजे मेंदूच्या आतील रक्तस्राव, आय-६३ म्हणजे रक्तपुरवठा बंद पडून मेंदूचा भाग मरणे, आणि आय-६४ म्हणजे प्रकार न ठरलेला पक्षाघात. आय-६९ हा कोड जुन्या पक्षाघाताच्या परिणामांसाठी आहे. तो घेऊ नये. जी-४५ म्हणजे काही वेळात पूर्ण बरा होणारा तात्पुरता झटका. तोही वेगळा ठेवावा, कारण असे रुग्ण सहसा वाचतात आणि ते मिसळले की दर आपोआप खाली येतो. अपघातात डोक्याला मार लागून झालेला रक्तस्राव पूर्णपणे बाहेर ठेवावा.

केवळ कोडवर मात्र विसंबून चालत नाही. आपल्याकडे बऱ्याच केस पेपरांवर नुसते ‘सीव्हीए’ (पक्षाघाताचे इंग्रजी लघुरूप) लिहिलेले असते, तर कुठे ‘हायपरटेन्शन विथ हेमिप्लेजिया’, म्हणजे उच्च रक्तदाब आणि अर्धे अंग लुळे. रुग्ण मेडिसिनच्या वॉर्डात असेल, न्यूरोलॉजीत असेल, न्यूरोसर्जरीत असेल किंवा थेट आयसीयूत गेला असेल. म्हणून रेकॉर्ड विभागाची यादी, या सर्व वॉर्डांची इनडोअर रजिस्टरे आणि सीटी स्कॅन विभागाचे रजिस्टर अशा तीन ठिकाणांहून नावे काढून जुळवावीत. कॅज्युअल्टीत आल्यावर तासाभरात दगावलेले रुग्ण बहुतेक वेळा फक्त कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्येच सापडतात. आणण्यापूर्वीच मृत असलेल्यांना धरू नये, परंतु जिवंत आलेल्या प्रत्येकाला धरावे, मग त्याला वॉर्डात खाट मिळाली असो वा नसो.

एकच रुग्ण दोनदा दाखल झाला असेल तर वर्षात पहिल्यांदा दाखल झाल्याची नोंद धरावी. दुसऱ्या आजारासाठी दाखल असताना वॉर्डातच ज्याला पक्षाघात झाला, त्याची यादी वेगळी करावी, कारण त्याच्या मृत्यूचे गणित निराळे असते.

आता नागपूरचा खास प्रश्न. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधील एम्स येथे, तसेच धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालयांत, भंडारा, गोंदिया, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा, सिवनी, बालाघाट येथूनही रुग्ण येतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून रेफर होऊन नागपूरला येणाऱ्याचे हे तास रस्त्यातच संपतात. रेफर झालेला रुग्ण दोन उलट दिशांनी हिशेब बिघडवतो. एकीकडे तो सहसा अधिक गंभीर असतो. दुसरीकडे, जो चौथ्या दिवशी पोहोचला तो पहिले तीन दिवस जगलेला आहे आणि ज्यांना ते तीन दिवस जगता आले नाहीत ते नागपूरच्या यादीत आलेच नाहीत. म्हणून लक्षणे सुरू झाल्याची वेळ, आपल्याकडे पोहोचल्याची वेळ आणि थेट आला की रेफर होऊन आला, हे तीन रकाने ठेवल्याशिवाय शीट सुरू करू नये. मुख्य तुलना लक्षणे सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत पोहोचलेल्यांची करावी आणि उशिरा आलेल्यांचा तक्ता वेगळा द्यावा. आपण स्वतः पुढे रेफर केलेला रुग्ण मात्र आपल्याच छेदात राहतो. तो दुसरीकडे दगावला तरी मृत्यू आपल्या यादीत लिहायचा.

तीस दिवस, आणि फोन

मृत्यू कुठपर्यंत मोजायचा याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. रुग्णालयातील मृत्यू मोजणे सोपे असते, पण पाचव्या दिवशी सुटी देणारे रुग्णालय आणि पंधराव्या दिवशी देणारे रुग्णालय यांत त्या आकड्याने न्याय होत नाही. म्हणून दाखल झाल्यापासून ३० दिवसांतील मृत्यू ही मर्यादा जगभर वापरली जाते. पहिल्या आठवड्यातील बहुतेक मृत्यू मेंदूला आलेल्या सुजेमुळे किंवा वाढत्या रक्तस्रावामुळे होतात. त्यानंतर न्यूमोनिया, हृदयविकार, पायातील गुठळी फुप्फुसात जाणे ही कारणे पुढे येतात, आणि त्यांपैकी काही चांगल्या शुश्रूषेने टाळता येतात. नेमके हेच मृत्यू लवकर सुटी दिली की नजरेआड जातात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्षभरात २०० रुग्ण दाखल झाले. २२ रुग्णालयात दगावले, २८ जणांनी डामा घेतला, १५० जणांना रीतसर सुटी मिळाली. रुग्णालयातील मृत्युदर ११ टक्के निघाला. आता फोन केले. डामा घेतलेल्या २८ पैकी १९ जण ३० दिवसांच्या आत गेले, ६ जिवंत होते, ३ जणांचा ठावठिकाणा लागला नाही. रीतसर सुटी मिळालेल्या १५० पैकी ८ गेले, १३५ जिवंत होते, ७ सापडले नाहीत. म्हणजे ३० दिवसांतील ज्ञात मृत्यू ४९ झाले. न सापडलेले दहाही जण जिवंत मानले तर दर २४.५ टक्के होतो, दहाही मृत मानले तर २९.५ टक्के. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये आहे आणि अहवालात दोन्ही टोके छापली पाहिजेत. अकरावरून चोविसापलीकडे गेलेला हा आकडा पाहून अधीक्षकांना धक्का बसेल, हे खरे आहे. तरीही तोच छापावा.

डामा घेणाऱ्या कुटुंबाला दोष देऊ नये. पैसे संपलेले असतात, शेती किंवा रोजी सोडून माणसे आठवडाभर वऱ्हांड्यात झोपलेली असतात, आणि डॉक्टरांनी आशा नसल्याचे सांगितल्यावर वडिलांना त्यांच्या घराच्या ओसरीवर जाऊ द्यावे, ही इच्छा अतिशय माणसाची आहे. मोजणाऱ्याचे काम एवढेच की त्या निर्णयामुळे रुग्ण हिशेबातून गळू नये.

फोन करण्याची पद्धत अनुभवाने शिकावी लागते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. दाखल करतानाच दोन नंबर घ्यावेत. पहिला नंबर अनेकदा सोबत आलेल्या भाच्याचा असतो आणि महिन्याभराने त्याला काहीच माहीत नसते. दुसरा नंबर घरातल्या किंवा शेजारच्या माणसाचा असावा. गावाचे आणि ग्रामपंचायतीचे नाव पूर्ण लिहावे, कारण एकाच नावाची गावे तीन-तीन तालुक्यांत असतात. फोन संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान करावा; दिवसा माणसे शेतात किंवा कामावर असतात. उत्तर मिळाले नाही तर वेगवेगळ्या दिवशी किमान तीनदा प्रयत्न करावा. छिंदवाडा-सिवनीकडच्या घरी हिंदीत बोलावे.

पहिले वाक्य “ते वारले का?” असे कधीही नसावे. “मी दवाखान्यातून बोलतो आहे, बाबांची तब्येत आता कशी आहे?” असे विचारावे आणि मग थांबावे. मृत्यू झाला असेल तर समोरचा स्वतः सांगतो, आणि सांगताना बराच वेळ बोलतो. तो वेळ द्यावा. तारीख विचारली की बहुतेकदा तिथी किंवा सण ऐकू येतो: “तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेले”, “दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी”. यासाठी कॅलेंडर समोर उघडे ठेवावे आणि त्याच वेळी इंग्रजी तारीख लिहून घ्यावी, कारण २९ व्या आणि ३१ व्या दिवसात फरक पडतो. जिवंत असल्यास तो स्वतः चालतो का, स्वतः जेवतो का, हे दोन प्रश्न विचारून ठेवावेत; त्यांचा उपयोग पुढे सांगितला आहे.

फोनवर न सापडलेल्यांसाठी मृत्यूनोंदणीचा आधार घेता येतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. गावात ती ग्रामपंचायतीकडे, शहरात महानगरपालिकेकडे होते. रुग्णालयातील मृत्यूसाठी वैद्यकीय कारणाचा नमुना ४ आणि रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी नमुना ४-अ असतो. घरी झालेल्या मृत्यूचे कारण ‘हार्ट फेल’ किंवा ‘वृद्धापकाळ’ असे लिहिलेले आढळते, म्हणून पक्षाघाताने मृत्यू आणि इतर कारणाने मृत्यू असे वेगळे करण्याच्या भानगडीत पडू नये. ३० दिवसांत कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू धरावा.

या सगळ्यासाठी संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्यावी आणि विश्लेषणाच्या शीटमध्ये नावाऐवजी फक्त क्रमांक ठेवावा. नाव आणि क्रमांक यांची जोडणी दाखवणारी वही कुलपात असावी.

आल्याक्षणी रुग्ण किती गंभीर होता?

दोन रुग्णालयांची तुलना करण्यापूर्वी रुग्ण सारखे होते का, हे पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय अभ्यासांत मेंदूच्या आतील रक्तस्रावानंतर महिन्याभरात साधारण ४० टक्के रुग्ण दगावतात. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात हे प्रमाण बरेच कमी असते. म्हणून दोन्ही प्रकारांचे दर वेगवेगळे काढावेत आणि एकत्रित आकडा दिलाच तर त्यांच्यासोबत द्यावा.

त्याहून मोठा घटक म्हणजे तीव्रता. पक्षाघाताची तीव्रता मोजण्यासाठी एनआयएचएसएस ही ० ते ४२ गुणांची मोजपट्टी आहे. गुण जितके जास्त तितका झटका मोठा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७८२ रुग्णालयांतील १,२७,९५० रुग्णांची माहिती होती. केवळ वय, लिंग आणि सोबतचे आजार यांवरून ३० दिवसांतील मृत्यूचा अंदाज बांधला, तेव्हा त्या अंदाजाची सी-स्टॅटिस्टिक ०.७७२ होती, एनआयएचएसएस जोडल्यावर ती ०.८६४ झाली. या मापात ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे अचूक ओळख. महत्त्वाचे हे की तीव्रता हिशेबात घेतल्यावर अनेक रुग्णालयांचे ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ हे शिक्के बदलले. तीव्रतेची नोंद न करता रुग्णालयांना क्रमांक देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे मी म्हणतो ते या पुराव्यावर.

आपल्याकडे अडचण अशी की रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत एकटा निवासी डॉक्टर असतो आणि एनआयएचएसएस भरायचे राहून जाते. त्यावर तोडगा म्हणजे जे नेहमी लिहिले जाते ते वापरणे. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे ३ ते १५ गुणांची शुद्धीची मोजपट्टी, बहुतेक केस पेपरांवर असते. ‘ई-२ व्ही-१ एम-४’ (डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे गुण) अशी नोंद दिसली की बेरीज ७ करून रकान्यात भरावी. त्यासोबत वय, पक्षाघाताचा प्रकार, आजाराआधी रुग्ण स्वतःची कामे स्वतः करत होता का, आणि लक्षणांपासून पोहोचेपर्यंतचे तास, एवढे पाच घटक बहुतेक तुलनांसाठी पुरेसे होतात. मेंदूतील रक्तस्रावासाठी २००१ पासून वापरात असलेला आयसीएच स्कोअर सोयीचा आहे: त्यात शुद्धीचे गुण, ३० मिलिलिटर किंवा अधिक रक्त, मेंदूच्या पोकळीत रक्त, मेंदूच्या खालच्या भागातील रक्तस्राव आणि ८० किंवा त्याहून जास्त वय यांची बेरीज ० ते ६ येते, आणि ही सर्व माहिती केस पेपर व सीटीच्या रिपोर्टवरून मिळते.

इथे दोन कडक नियम पाळावेत. पहिला, गुण आल्याक्षणीचे असावेत. दुसऱ्या दिवशी वॉर्डात काढलेले गुण चालणार नाहीत, कारण मधल्या काळात उपचारांचे बरेवाईट परिणाम त्यात मिसळलेले असतात. दुसरा, दाखल झाल्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट तीव्रतेच्या हिशेबात घेऊ नये. गिळण्याची चाचणी न करता पाणी पाजले, ते श्वासनलिकेत गेले आणि न्यूमोनिया झाला, तर तो न्यूमोनिया म्हणजे शुश्रूषेतील चूक आहे. त्याला ‘सोबतचा आजार’ म्हणून हिशेबात घेतले, तर ज्या चुकीसाठी हा सगळा खटाटोप केला तीच धुऊन निघते.

जुन्या केस पेपरांवरून गुण काढायचे असतील, तर काढणाऱ्याला शेवट माहीत नसावा. आम्ही शेवटची पाने वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून क्लिप लावत असू. त्यांपैकी तीसेक केस पेपर दुसऱ्या व्यक्तीला स्वतंत्रपणे वाचायला द्यावेत. दोघांचे गुण वारंवार जुळत नसतील तर पुढे जाण्याआधी पद्धत सुधारावी.

तुलनेचे गणित, एका उदाहरणाने

समजा, अ हे मोठे रेफरल रुग्णालय आहे आणि ब हे शहरातील मध्यम रुग्णालय. आकडे काल्पनिक आहेत.

| | अ : रुग्ण | अ : मृत्यू | ब : रुग्ण | ब : मृत्यू |
|---|---|---|---|---|
| सौम्य | १०० | ३ | ३०० | १२ |
| गंभीर | ३०० | ९० | १०० | ३६ |
| एकूण | ४०० | ९३ | ४०० | ४८ |

वरवर पाहता अ चा दर २३.३ टक्के आणि ब चा १२ टक्के; वर्तमानपत्रात मथळा काय येईल हे सांगायला नको. आता आडव्या ओळी पाहा. सौम्य रुग्णांत अ चे ३ टक्के, ब चे ४ टक्के. गंभीर रुग्णांत अ चे ३० टक्के, ब चे ३६ टक्के. दोन्ही गटांत अ ची स्थिती बरी आहे, तरी एकूण दर जवळजवळ दुप्पट दिसतो, कारण अ कडे गंभीर रुग्ण तिप्पट आले.

यावरचा उपाय म्हणजे अपेक्षित मृत्यू काढणे. दोन्ही रुग्णालये मिळून सौम्य ४०० पैकी १५ गेले, म्हणजे ३.७५ टक्के; गंभीर ४०० पैकी १२६ गेले, म्हणजे ३१.५ टक्के. अ कडील रुग्णांना हे सरासरी दर लावले तर १०० सौम्य रुग्णांमागे ३.७५ आणि ३०० गंभीर रुग्णांमागे ९४.५, असे ९८.२५ मृत्यू अपेक्षित होते; प्रत्यक्षात ९३ झाले. प्रत्यक्ष भागिले अपेक्षित, ०.९५. ब कडे ११.२५ आणि ३१.५ मिळून ४२.७५ अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४८ झाले, म्हणजे १.१२. हे गुणोत्तर १ पेक्षा कमी असेल तर मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी, जास्त असेल तर अधिक. हे गणित कागदावर करता येते आणि पहिल्यांदा ते कागदावरच करावे, म्हणजे नंतर संगणकाने काय केले हे समजते.

गट दोनाऐवजी अधिक झाले आणि वय, प्रकार, शुद्धी असे सर्व एकत्र घ्यायचे असले की लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे अनेक घटकांवरून प्रत्येक रुग्णाच्या मृत्यूची शक्यता काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत, वापरतात. त्यात दर घटकामागे किमान दहा मृत्यू असावेत, हा जुना ठोकताळा सुरुवातीला पुरतो. एकूण ५० मृत्यू असताना पंधरा घटक कोंबले, तर निघालेले उत्तर पुढच्या वर्षी टिकणार नाही. अंदाज आणि वास्तव जुळतात का, हे धोक्याच्या प्रत्येक पायरीवर पाहावे: ज्यांचा धोका २० टक्के असल्याचे मॉडेल सांगते, त्या शंभरांतले खरोखर वीसच्या आसपास गेले का?

संख्या लहान असेल तर

वरच्या उदाहरणात ब ने लगेच खजील होण्याचे कारण नाही. अ च्या गुणोत्तराच्या ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे योगायोग जमेस धरून खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता आहे ती दोन टोके, सुमारे ०.७६ ते १.१६ आहेत आणि ब च्या ०.८३ ते १.४९. दोन्हींच्या पोटात १ हा आकडा आहे. म्हणजे एवढ्या रुग्णांवरून कोणीही सरासरीहून वेगळे असल्याचे सिद्ध होत नाही. चारशे रुग्णांची ही कथा, तर साठ-सत्तर रुग्णांच्या रुग्णालयाची काय असेल? ८० पैकी १२ मृत्यू म्हणजे १५ टक्के, पण विश्वासमर्यादा ८.८ ते २४.४ टक्के. तेच १५ टक्के ४०० पैकी ६० मृत्यूंमधून आले असतील, तर मर्यादा ११.८ ते १८.८ टक्के इतक्या जवळ येतात.

म्हणून अनेक रुग्णालयांचे आकडे एका ओळीत पहिला, दुसरा, तिसरा असे मांडू नयेत. त्याऐवजी फनेल प्लॉट काढावा. आडव्या अक्षावर रुग्णसंख्या, उभ्या अक्षावर मृत्युदर, मध्ये सर्वांची सरासरी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना योगायोगाने पडणाऱ्या फरकाच्या मर्यादा. त्या उजवीकडे अरुंद होत गेल्याने आकृती आडव्या नरसाळ्यासारखी दिसते. सरासरी १५ टक्के असेल, तर ५० रुग्णांच्या रुग्णालयासाठी ९५ टक्के मर्यादा साधारण ५ ते २५ टक्के आहेत आणि ५०० रुग्णांच्या रुग्णालयासाठी साधारण १२ ते १८ टक्के. नरसाळ्याच्या आत असलेली रुग्णालये एकमेकांपासून वेगळी मानू नयेत. बाहेर पडलेल्या रुग्णालयाकडे मात्र लक्ष द्यावे, मग ते वर असो वा खाली. फार खाली असलेल्या ठिकाणी नोंदी गळल्या असण्याची शक्यता मी सर्वांत आधी तपासतो.

नरसाळ्याबाहेर पडल्यावर

चौकशी पायरीपायरीने करावी. पहिल्यांदा आकडे: डामा धरले का, फोन किती जणांना लागले, कॅज्युअल्टीतील मृत्यू आले का? मग रुग्ण: तीव्रतेचा कोणता घटक सुटला का? उदाहरणार्थ, एखाद्या ठिकाणी एमआरआय सहज होत असेल तर तिथे अगदी छोटे झटकेही निदानात येतात आणि दर खाली दिसतो. त्यानंतर सोयी: रात्रीचा सीटी चालू आहे का, पक्षाघातासाठी वेगळा कक्ष आहे का, एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत? मग प्रत्यक्ष कामाची पद्धत: पोहोचल्यापासून सीटीपर्यंत किती मिनिटे लागली, पहिला घोट देण्याआधी गिळण्याची चाचणी झाली का, ताप आणि साखर पाहिली गेली का, रुग्णाला कुशीवर वळवले गेले का? आणि हे सर्व झाल्यावरच एखाद्या व्यक्तीच्या कामाकडे वळावे. आपल्याकडे चौकशीची सुरुवात अनेकदा शेवटच्या पायरीपासून होते आणि रात्रपाळीच्या डॉक्टरला नोटीस देऊन ती तिथेच संपते. त्याने पुढच्या रुग्णाचे काहीही भले होत नाही.

मृत्यूच्या केस पेपरांचे वाचन दोन अनुभवी डॉक्टरांनी स्वतंत्रपणे करावे. ज्यांचा धोका कमी असतानाही मृत्यू झाला, ते केस पेपर सर्वांत आधी घ्यावेत. शिकण्यासारखे तिथे सर्वाधिक असते.

केवळ जीव वाचला एवढ्यावरही थांबता येत नाही. मोठ्या गुठळीने मेंदूला प्रचंड सूज आल्यावर कवटीचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया करतात; तिने जीव वाचण्याचे प्रमाण खूप वाढते, पण वाचलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्यावर अवलंबून राहतात. म्हणून ९० व्या दिवशी मॉडिफाइड रँकिन स्केल, म्हणजे ० ते ६ अशी परावलंबनाची मोजपट्टी, मृत्युदराच्या शेजारी द्यावी. तिच्यात ० म्हणजे कोणतीही लक्षणे नाहीत आणि ६ म्हणजे मृत्यू. तीस दिवसांच्या फोनमध्ये विचारलेले चालण्याचे आणि जेवण्याचे प्रश्न या दुसऱ्या फोनची तयारी करून देतात.

अहवालात काय छापावे

प्रत्येक दराशेजारी अंश आणि छेद, विश्वासमर्यादा, डामा घेतलेल्यांची संख्या, न सापडलेल्यांची संख्या आणि तीव्रता न नोंदलेल्यांचे प्रमाण, हे सर्व एकाच तक्त्यात असावे. तीव्रतेची नोंद पाचातल्या एकापेक्षा जास्त रुग्णांत नसेल, तर इतर रुग्णालयांशी तुलना छापूच नये. त्या वर्षी फक्त स्वतःच्या मागील वर्षाशी तुलना करावी आणि नोंदी सुधाराव्यात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत ‘गेल्या वर्षी किती मृत्यू?’ असे विचारणारे पत्र आले, तरी उत्तरात हाच पूर्ण तक्ता पाठवावा. सुटा आकडा पाठवू नये.

पुढच्या वर्षासाठी एक सवय आजच लावता येते. रुग्ण दाखल होताच केस पेपराच्या मुखपृष्ठावर, उजव्या वरच्या कोपऱ्यात, ३० व्या दिवसाची तारीख पेन्सिलने लिहावी, आणि तीच तारीख वॉर्डाच्या फोनच्या वहीत, दोन्ही नंबरांसह, उतरवावी. रुग्णाने डामा घेतला तर त्या ओळीवर काट मारू नये. फोन केल्यावर जे कळेल ते तिथेच लिहावे.